चेन युआन : परदेशी धर्मांच्या मागावर
चिनी इतिहासकार. जन्म १८८०, ग्वांगडोंग प्रांत. मृत्यू १९७१, बीजिंग.

शिक्षण वैद्यकाचे, इतिहास स्वतःच वाचून पचवला. १९१७ मध्ये मंगोल राजवटीतील ख्रिस्ती समाजावरच्या निबंधाने नाव झाले. मग विषय आले कायफेंग शहरातले ज्यू, मानी पंथ आणि इराणहून चीनला पोचलेला झरथुष्ट्री धर्म, म्हणजे आपल्या पारशांचाच!

जुन्या चीनमध्ये बादशहाच्या नावातले अक्षर पूर्ण लिहिणे निषिद्ध असल्याने लेखनिक अनेकदा त्याची शेवटची रेघ गाळत. कोणते अक्षर असे अपुरे आहे, यावरून प्रतीचा काळ ताडता येतो. या शास्त्रावर त्यांनी १९२८ मध्ये ग्रंथच लिहिला.

जपानी ताब्यातल्या बीजिंगमध्ये राहून त्यांनी पूर्वीच्या काळी परकी सत्ता नाकारून मठांकडे वळलेल्यांचा इतिहास लिहिला. रोख कुणावर होता, हे सांगायला नकोच.