सरपणाच्या तोलात पाणी किती?

कापूस आणि सूत यांच्या धंद्यात ओलीचा हिशेब प्रत्येकाला ठाऊक असतो. कापसात ८.५ टक्के ओल प्रमाण मानली जाते, लोकरीत १६ टक्के. त्याहून अधिक ओल असलेला माल काट्यावर जड भरतो आणि घेणाऱ्याला पाण्याचे पैसे मोजावे लागतात. म्हणून गाठ उघडताच जाणता व्यापारी आधी आत हात घालतो. पण हाच व्यापारी लाकडाच्या वखारीत गेला की क्विंटलचा भाव विचारतो, गाडी भरतो आणि घरी येतो. ओलीची चौकशी तो करीत नाही. वास्तविक कापसात कधी नसते इतके पाणी लाकडात असते. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणीच असते.

आपल्या महाराष्ट्रात सरपण लागते ते मुख्यतः चुलीला आणि अंघोळीच्या बंबाला. घर गरम ठेवण्यासाठी लाकूड जाळण्याची वेळ आपल्यावर क्वचितच येते. काश्मीरमध्ये मात्र तो जगण्याचा भाग आहे. शाली, पश्मिना आणि गालिचे यांच्या खरेदीसाठी थंडीत श्रीनगरला जाणाऱ्यांनी ते पाहिलेले असते. तेथे २१ डिसेंबरपासून ३० जानेवारीपर्यंत ४० दिवसांचा 'चिल्ले कलान' असतो. त्यानंतर २० दिवसांचा 'चिल्ले खुर्द' आणि १० दिवसांचा 'चिल्ले बच्चा' येतो. या दिवसांत घराघरांत बुखारी पेटते. बुखारी म्हणजे पत्र्याची किंवा लोखंडाची बंद शेगडी. तिला जोडलेल्या नळीतून धूर घराबाहेर जातो. 'बुखार' म्हणजे वाफ, आणि फारसीत बुखारी म्हणजे खोली गरम करण्याची शेगडी.

हीच बुखारी एका घरात कमी लाकडात खोली उबदार ठेवते, तर दुसऱ्या घरात दुप्पट लाकूड खाऊन धूर ओकते. असे का होते, ते या लेखात पाहू.

लाकूड जळते म्हणजे काय होते?

लाकूड तीन टप्प्यांत जळते. पहिल्या टप्प्यात त्यातील पाणी वाफ होऊन निघून जाते. या कामात उष्णता मिळत नाही, उलट खर्च होते. दुसऱ्या टप्प्यात लाकूड तापून त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात. आपण जी ज्वाळा पाहतो ती या वायूंची असते. तिसऱ्या टप्प्यात उरलेला कोळसा निखारा होऊन जळतो.

लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता दुसऱ्या टप्प्यातील वायूंमध्ये असते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. हे वायू पूर्ण जळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान आणि पुरेशी हवा लागते. लाकूड ओले असेल तर आग तेवढी तापत नाही. हवेची झडप बंद असेल तर प्राणवायू मिळत नाही. दोन्ही वेळी वायू न जळताच नळीतून बाहेर पडतात, आणि त्यांनाच आपण धूर म्हणतो. धुराड्यातून निघणारा काळा-करडा लोट म्हणजे विकत घेतलेले, पण न जळलेले इंधन होय.

पैशांचा हिशेब

पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४४०० किलोकॅलरी उष्णता असते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात. आता समजा, लाकडाचा भाव किलोला १० रुपये आहे आणि आपण १००० रुपयांचे १०० किलो लाकूड घेतले.

लाकूड ओले असेल तर त्यात ५० किलो लाकूड आणि ५० किलो पाणी आले. लाकडाची उष्णता २ लाख २० हजार किलोकॅलरी. त्यातून पाणी उडवण्याचे ३० हजार वजा केले की हाती राहतात १ लाख ९० हजार.

लाकूड वाळलेले, म्हणजे २० टक्के ओलीचे असेल, तर त्यात ८० किलो लाकूड आणि २० किलो पाणी असते. लाकडाची उष्णता ३ लाख ५२ हजार. वजा १२ हजार. हाती राहतात ३ लाख ४० हजार.

म्हणजे पैसे तेवढेच देऊन पावणेदोन पटींहून अधिक उष्णता मिळाली. उलट सांगायचे तर ओले लाकूड १० रुपये किलो असताना वाळलेले १७ रुपयांना मिळाले तरी ते महाग नाही. शिवाय ओल्या लाकडाची आग मंद असल्याने त्याचे वायूही वाया जातात. हा तोटा वरील हिशेबात धरलेलाच नाही.

काही लोक झाडाच्या जातीवरून वाद घालतात. कोणाला सफरचंदाचे लाकूड हवे असते, कोणाला विलोचे किंवा देवदाराचे. सारखीच वाळलेली असतील तर किलोमागे सर्वांची उष्णता जवळजवळ सारखी असते. फरक पडतो तो आकारमानात. जड लाकूड कमी जागेत मावते आणि हळू जळते, हलके लाकूड चटकन पेटते आणि लवकर संपते. तोलून घेणाऱ्याने जातीपेक्षा ओल पाहावी.

वाळलेले लाकूड कसे ओळखावे?

वाळलेल्या ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला चिरा पडलेल्या असतात. साल सैल होते किंवा गळून पडते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो, ओल्याचा आवाज बद्द असतो. दोन सुयांचे ओल मोजण्याचे यंत्र हल्ली बाजारात मिळते. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला सुया टोचाव्यात. बाहेरून टोचल्यास कोरड्या पृष्ठभागाचाच आकडा मिळतो आणि फसगत होते.

लाकूड वाळवण्याला वेळ लागतो. ओंडका न फोडता ठेवला तर साल ओल सोडत नाही. म्हणून आधी तो मनगटाएवढ्या किंवा त्याहून थोड्या जाड फाकांत फोडावा. जमिनीपासून वर, फळ्यांवर किंवा विटांवर रचावा. वरून पाऊस-बर्फापासून झाकावा, पण बाजू उघड्या ठेवाव्यात, म्हणजे वारा खेळतो. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशी येते. जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे वाळायला एक ते दोन वर्षे लागतात. म्हणजे पुढच्या हिवाळ्याचे सरपण यंदाच घेऊन ठेवले पाहिजे. ऐन थंडीत वखारीकडे धावणाऱ्याला मिळेल ते घ्यावे लागते.

बुखारी आणि तिची नळी

उघड्या शेकोटीवजा भिंतीतल्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा अगदी थोडा भाग खोलीला मिळतो. बाकी सर्व गरम हवेबरोबर धुराड्यातून जाते. चांगल्या बंद शेगडीत ७० टक्के किंवा त्याहून अधिक उष्णता खोलीत राहते. अशा शेगडीत हवा दोन ठिकाणांहून येते. एक लाकडाला मिळते आणि दुसरी, तापून आलेली, वरच्या भागात वायूंना मिळते. या दुसऱ्या हवेमुळेच धूर शेगडीतच जळून जातो. साध्या पत्र्याच्या बुखारीत ही सोय नसते, म्हणून तिच्यासाठी कोरडे लाकूड आणि मोकळी हवा अधिकच गरजेची आहे.

शेगडी खोलीच्या मानाने बेताची घ्यावी. मोठी घेतली की खोली फार तापते, मग माणूस झडप बंद करतो, आग घुसमटते आणि धूर वाढतो. लहान शेगडी मोकळेपणी जळू देणे हेच फायद्याचे.

नळी शक्यतो सरळ उभी असावी. आडवी नळी लांब असेल किंवा वळणे जास्त असतील तर ओढ कमी होते. धूर नळीतच थंड पडला की त्यातील डांबरासारखा चिकट पदार्थ आत जमतो. हा थर कधी पेटला तर नळीत १००० अंशांहून अधिक उष्णतेची आग लागते आणि छपरापर्यंत जाते. म्हणून हिवाळ्यापूर्वी नळी साफ करावीच, आणि लाकूड ओले असेल तर मध्येही तपासावी. बुखारीपासून पडदे, गादी, कापडाच्या थप्प्या किमान ३ फूट दूर ठेवाव्यात.

पेटवण्याची रीत

आपण सवयीने खाली काड्या आणि वर मोठी लाकडे ठेवतो. बंद शेगडीत उलटी रीत चांगली. खाली जाड फाका, त्यावर बारीक, सर्वात वर काड्या ठेवून वरून पेटवावे. आग हळूहळू खाली उतरते आणि खालच्या लाकडाचे वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातात. सुरुवातीला हवेची झडप पूर्ण उघडी ठेवावी. ज्वाळा स्थिर झाल्यावरच ती थोडी कमी करावी.

एकदम शेगडी भरू नये. थोडे थोडे लाकूड घालून आग तेजस्वी ठेवावी. पेटवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहावे. धूर जवळजवळ दिसू नये. दिसत असेल तर लाकूड ओले आहे किंवा हवा कमी आहे.

रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक शेगडीत घालू नये. कापडवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावे की पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या चिंध्या हेही एक प्रकारचे प्लास्टिकच आहे. त्यांचा धूर विषारी असतो.

खोलीतील ऊब टिकवणे हेही तितकेच मोलाचे. जाड पडदा, दाराच्या फटीला पट्टी आणि जमिनीवर गालिचा यांनी लाकूड वाचते. काश्मीरच्या जुन्या हमामांतून आणखी एक धडा मिळतो. तेथे दगडी फरशीखाली लाकूड जाळतात. दगड तापतो आणि आग विझल्यावरही तासन् तास ऊब देत राहतो. अनेक मशिदींतही हमाम असतात, तेथे नमाजींना वुजूसाठी गरम पाणी आणि बसायला उबदार जागा मिळते. आग थोडा वेळ जोरात जाळावी आणि उष्णता दगडात साठवावी, हे तत्त्व रात्रभर आग धुमसत ठेवण्यापेक्षा किती तरी चांगले आहे.

जिवाचा प्रश्न

पैशांचे नुकसान भरून निघते, जिवाचे निघत नाही. हवा कमी पडली की आगीतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. झोपलेला माणूस जागा न होताच जातो. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठण भागात भाड्याच्या घरात आई, वडील आणि तीन मुले असे एकाच कुटुंबातील ५ जण गुदमरून मरण पावले. ऊबेसाठी इंधन जाळणारे साधन कोणतेही असो, बंद खोलीत हा धोका असतोच.

कांगडी आणि कोळशाची शेगडी यांना तर नळीच नसते. निखाऱ्याचा धूर दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण हा वायू निखाऱ्यातूनच जास्त निघतो. आपल्याकडेही थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले ठेवून झोपण्याची चाल आहे. ती बंद झाली पाहिजे. झोपण्यापूर्वी घरातील आग विझवण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे हदीसमध्ये आले आहे. त्या शिकवणीचे मोल आजचे विज्ञानही सांगते. खिडकीची फट उघडी ठेवावी आणि शक्य असेल त्यांनी वायूची सूचना देणारे यंत्र लावावे. राखेतील निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतात, म्हणून राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घराबाहेर ठेवावी.

धुराचा त्रास शेजाऱ्यालाही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील प्रदूषित हवेमुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे आणि तो धूर सर्वाधिक बायका-मुलांच्या छातीत जातो.

विकणाऱ्यांची जबाबदारी

इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात २० टक्क्यांहून अधिक ओल चालत नाही. तेथे स्थायिक झालेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांनाही हा नियम लागू आहे. विकणाऱ्याने माल वाळवूनच विकावा, असा त्याचा अर्थ.

मुसलमान व्यापाऱ्याला मात्र यासाठी इंग्लंडच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यातून वेगळे ठरवले. हा प्रसंग आपण धान्याच्या आणि कापसाच्या बाबतीत सांगतो. लाकडाच्या वखारीलाही तो तितकाच लागू आहे. ओले लाकूड ओले म्हणून, कमी भावाने विकण्यात काही गैर नाही. वाळलेल्याच्या भावाने विकणे म्हणजे पाणी विकणे होय.

ज्यांची वखार आहे त्यांनी लाकूड फोडून, वर्षभर वाळवून, ओल मोजून विकण्याचा विचार करावा. भांडवल काही महिने अडकेल हे खरे. पण ओल लिहून दिलेल्या मालाला ग्राहक परत येतो, आणि वर दाखवल्याप्रमाणे जादा भाव देऊनही त्याचा फायदाच होतो. घेणाऱ्याने क्विंटलचा भाव विचारण्यापूर्वी एक ओंडका फोडून दाखवायला सांगावे. इसराफ टळेल, धूर कमी होईल आणि दोघांच्याही व्यवहारात बरकत राहील.