मेसेज कधी, फोन कधी? गरोदरपण आणि आपला मोबाइल

आजच्या भागाचं हे लिखित रूप. घरात किंवा शेजारी कुणी गरोदर असेल तर हा भाग तिच्यापर्यंत नक्की पोचवा. आणि तिच्या नवऱ्यापर्यंतही.

गरोदर बाई आणि तिची काळजी घेणारी आशाताई, आरोग्यसेविका, नर्स यांच्यामध्ये आता मोबाइल आलाय. आरोग्यसेविकेला आपण एएनएम म्हणतो ना, त्याचा पूर्ण अर्थ ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. म्हणजे सुईणीचं काम तिच्या पदाच्या नावातच आहे. फक्त पूर्वी सुईणीला बोलवायला माणूस धाडावा लागायचा, आता नंबर लावला की झालं. मग या फोनचा उपयोग नेमका कुठे होतो, आणि कुठे तो आपल्याला गाफील ठेवतो?

आधी उपयोग बघू. केंद्र सरकारची ‘किलकारी’ ही सेवा २०१६ साली देशपातळीवर सुरू झाली, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातही आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन येतो. असे एकूण ७२ फोन. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, वाचता यायलाच हवं असंही नाही. त्या त्या आठवड्यात काय खायचं, कोणती तपासणी करायची, कोणती लस द्यायची हे कानावर पडतं.

पण इथे एक गोम आहे. हा फोन जातो तो नोंदणीच्या वेळी दिलेल्या नंबरवर. तो नंबर नवऱ्याचा असेल आणि नवरा दिवसभर कामावर असेल, तर माहिती त्याच्या खिशात वाजते आणि तिथेच संपते. म्हणून नोंदणी करताना जो फोन तिच्या हाताशी असतो त्याचाच नंबर द्या. नंबर बदलला तर आशाताईंना आवर्जून सांगा.

आता व्हॉट्सॲप. पुढच्या तपासणीची तारीख विचारायची आहे, रक्ताच्या रिपोर्टचा फोटो पाठवायचा आहे, लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर शौचाला काळी होतेय म्हणून काळजी वाटतेय (ती होते, घाबरू नका), अशा गोष्टींना मेसेज एकदम बेस्ट. ताई सवडीने उत्तर देतील, तेवढ्यासाठी बस पकडून जायला नको.

खरी गडबड पुढे आहे. समजा, आठवा महिना चालू आहे. रात्री अकरा वाजता डोकं प्रचंड ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, चेहरा सुजलाय. घरातलं कुणीतरी ताईंना मेसेज टाकतं. तिकडे ताईंचा फोन चार्जिंगला आहे किंवा रेंज नाही. एकच टिक. पण इकडे घरात सगळे निवांत, कारण ‘ताईंना कळवलंय’. मंडळी, कळवलं म्हणजे कळलं असं नसतं!

ही लक्षणं वाढलेल्या रक्तदाबाची असू शकतात. गरोदरपणात रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला की तो जास्त धरतात, आणि तो आणखी चढला तर झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. सुजलेल्या पायांचा फोटो पाठवून रक्तदाब कळत नाही, त्याला दंडावर पट्टाच बांधावा लागतो. बाळाच्या हालचालींचंही तसंच. नेहमीपेक्षा कमी झाल्यासारख्या वाटल्या तर ॲपवर ठोके ऐकत बसू नका, त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना गाठा.

म्हणून ही यादी स्क्रीनशॉट काढून ठेवा. यातलं काहीही झालं तर मेसेज नाही, थेट फोन:

– अंगावरून रक्त जाणं
– तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं, चेहरा किंवा हात सुजणं
– झटके येणं किंवा शुद्ध हरपणं
– पोटात असह्य दुखणं, जास्त ताप, धाप लागणं
– पाणी जाणं
– बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं

ताईंनी उचलला नाही तर वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ लावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला गाडीचे पैसे पडत नाहीत. फोनवर चारच गोष्टी सांगा: कितवा महिना, काय होतंय, कधीपासून, आणि घर कुठे आहे. जवळची खूण सांगा, देऊळ, शाळा, काहीही.

बाळंतपण झालं म्हणून ही यादी डिलीट करू नका हं. बाळंतपणानंतर खूप रक्त जायला लागलं तर अवघ्या दोन तासांतही जीव जाऊ शकतो. दर तासाला किती पॅड भिजतायत याकडे घरातल्यांनी लक्ष ठेवायचं. बाळंतिणीला स्वतःचा फोन उचलायचं त्राण असेलच असं नाही.

आणि एक छोटी विनंती. तिचे रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचारा. ते तिचे आहेत.

तर आजच तीन कामं करा. ताईंचा आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर घरातल्या प्रत्येक फोनमध्ये सेव्ह करा. माता व बाल संरक्षण कार्डाचा फोटो काढून ठेवा. आणि रात्री-अपरात्री गाडी कुणाची मिळेल, ते आताच ठरवून टाका.

तुमच्या मनातले प्रश्न कळवत राहा. भेटू पुढच्या भागात!