राजाची पावलं आणि गोदाकाठची बाई

सत्तेची घमेंड आणि कवितेचं आयुष्य हा विषय निघाला की आपल्याकडेही आधी शेलीचं ‘ओझिमँडियस’ पुढे येतं. १८१८ सालचं हे सुनीत. वाळवंटात उभे दोन दगडी पाय, बाकीचा राजा गायब. असे पाय पाहायला इतक्या लांब जायला नको. जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाट गाठावा.

तिथल्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या: सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार, एक महारठी. आज पावलांचे अवशेष तेवढे दिसतात आणि वरची ब्राह्मीतली नावं. बाजूच्या भिंतींवर यज्ञांची जंत्री आहे. अश्वमेध, राजसूय, मग दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापणं, सगळं मोजून. गणिताच्या इतिहासकारांना हा लेख प्रिय, कारण भारतीय अंकचिन्हांचे फार जुने नमुने त्यात सापडतात. राणीला हे अपेक्षित नसणार.

‘कला टिकते’ असं सरसकट म्हणणारे इथे अडचणीत येतात. त्या मूर्तीही कलाच होत्या की!

टिकली ती ‘गाथासप्तशती’. परंपरा तिचं श्रेय हाल या सातवाहन राजाला देते. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कोटी गाथांतून आपण सातशे निवडल्या, असं हा राजा सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे ऐट इथेही आहेच. पण पुढे यज्ञ नाहीत की दिग्विजय नाहीत. महाराष्ट्री प्राकृतातल्या या दोन-दोन ओळींमध्ये नांगरधारी शेतकरी, परगावी गेलेला नवरा, चतुर वहिनी, विंध्याचं रान आणि गोदावरीचा काठ आहे. कवींच्या नावांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा स्त्रियाही सापडतात.

एकच गाथा पाहा. गोदाकाठच्या कुंजात फिरकणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला बाई सांगते, आता खुशाल फिरा. तुम्हांला त्रास देणाऱ्या कुत्र्याला तिथल्या सिंहानं मारलं. गृहस्थ पुन्हा तिकडे पाऊल टाकेल का? कुंज तिला प्रियकरासाठी मोकळा हवा आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त व्यंग्यार्थ समजावताना हीच गाथा घेतली, आणि पुढचे काव्यशास्त्री तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत राहिले. हालाला जे सैन्य मिळालं नसेल ते या बाईनं त्याला मिळवून दिलं.

दरबारी आश्रयाची दुसरी तऱ्हा गझनीची. फिरदौसीनं १०१० च्या सुमारास ‘शाहनामा’ पुरा केला. महमुदानं बिदागीत हात आखडता घेतला आणि कवीनं ती रक्कम हमामवाल्याला नि सरबतवाल्याला वाटून टाकली, अशी कथा आहे. खरी-खोटी कशीही असो, सोमनाथ लुटणाऱ्या सुलतानाच्या कद्रूपणाची आठवण तिनं जागती ठेवली. माझं मत विचाराल तर दोघांत हाल अधिक शहाणा. त्यानं स्वतःची स्तुती लिहवून घेण्याऐवजी दुसऱ्यांचं बोलणं गोळा केलं.

त्याची निवड मात्र लोकांनी जशीच्या तशी ठेवली नाही. नक्कल करणाऱ्यांनी गाथा वगळल्या, नव्या घातल्या. जर्मन पंडित वेबर यांनी निरनिराळ्या पाठांतल्या गाथा एकत्र करून १८८१ मध्ये छापल्या, तेव्हा त्या ९६४ भरल्या. सगळ्या पाठांत समान निघतात त्या जेमतेम ४३०. उरलेल्या कुणी घातल्या कोण जाणे, पण पोथीवर नाव हालाचंच चालत आलं आहे.