टीव्ही कार्ड घेताना नुसत्या ‘डिजिटल’ शब्दावर जाऊ नका

वीसेक वर्षांपूर्वी बऱ्याच दुकानांतील संगणकांत टीव्ही ट्यूनर कार्ड बसविलेले असे. त्याच संगणकावर बिले होत आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा क्रिकेटचा सामनाही दिसे. गच्चीवर अँटेना, त्याची वायर कार्डाला. महिन्याचा खर्च शून्य. आज तीच वायर जोडली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. मग आपण कार्ड बिघडले असे समजून नवीन आणायला निघतो आणि तेथेच फसगत होते.

माझीही झाली. एका दुकानदाराने ‘डिजिटल’ लिहिलेली यूएसबी स्टिक दिली. गच्चीपर्यंत नवी केबल ओढली, तरी एकही चॅनेल लागले नाही. स्टिक चांगली होती, पण आपल्या कामाची नव्हती. पैसे परत मिळाले नाहीत.

मुद्दा सोपा आहे. जुने कार्ड अॅनालॉग, म्हणजे ‘पाल’ पद्धतीचे प्रक्षेपण पकडीत असे. प्रसार भारतीने ही जुनी प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली. सीमाभाग आणि बेटे यांसारखी सुमारे ५० मोक्याची ठिकाणे सोडून बाकीची केंद्रे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरले होते. तेव्हा दोष कार्डाचा नाही. हवेत त्याच्यासाठी काही उरलेलेच नाही. कोणी म्हणेल, “सॉफ्टवेअर टाकून जुने कार्ड डिजिटल करून देतो,” तर मानू नका. डिजिटल लहरी उलगडण्याचे काम वेगळी चिप करते, आणि ती जुन्या कार्डात नसते.

आता ‘डिजिटल’ या शब्दाविषयी. सूत घेताना आपण नुसते ‘सूत द्या’ म्हणत नाही, काउंट विचारतो. कार्डाचेही तसेच आहे. अमेरिकेत एटीएससी ही पद्धत आहे. तेथून भाच्याने कौतुकाने आणलेले त्या पद्धतीचे कार्ड येथे निरुपयोगी. युरोपात आधी डीव्हीबी-टी आली आणि नंतर तिची सुधारलेली आवृत्ती डीव्हीबी-टी२. भारतात दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत जे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, ते डीव्हीबी-टी२ पद्धतीचे. त्या यादीत महाराष्ट्रातील मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही शहरे होती. टी२ चे कार्ड बहुधा टी सुद्धा पकडते, परंतु नुसत्या टी च्या कार्डाला टी२ कधीच लागत नाही. माझी स्टिक नुसत्या टी ची होती. बाजारात आरटीएल२८३२यू चिपच्या स्वस्त स्टिका मिळतात, त्या याच जातीच्या. म्हणून खोक्यावर ‘टी२’ ही अक्षरे स्वतः वाचावीत आणि पावतीवरही लिहून घ्यावीत.

दुसरी गोष्ट जागेची. जुनी कार्डे पीसीआय खाचेत बसत. नव्या मदरबोर्डवर बहुधा पीसीआय एक्सप्रेस खाच असते आणि एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. शिवाय जुन्या कार्डांचे ड्रायव्हर नव्या विंडोजवर बहुतेक चालत नाहीत. त्यामुळे संगणक न उघडता लावता येणारी यूएसबी स्टिक सोयीची.

तिसरी गोष्ट अँटेनाची. दूरदर्शनच्या जुन्या व्हीएचएफ चॅनेलसाठीचा लांब दांड्यांचा अँटेना डिजिटलला चालेलच असे नाही. हे प्रक्षेपण यूएचएफ पट्ट्यात असते. त्याला आखूड दांड्यांचा अँटेना आणि ७५ ओहमची गोल केबल हवी. जुनी चपटी वायर काढून टाकावी. अॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला तर चित्र अंधूक होई, पण दिसे. डिजिटलमध्ये चित्र एकतर स्वच्छ येते, नाहीतर चौकोन चौकोन होऊन बंदच पडते. मधली स्थिती फार थोडी. म्हणून अँटेना गच्चीवर, प्रक्षेपण मनोऱ्याच्या दिशेने लावावा. दुकानाच्या पत्र्याखाली ठेवून उपयोग नाही.

एक सावधगिरी. छत्रीची, म्हणजे डिशची, केबल टी२ कार्डाला जोडून काही दिसत नाही. उपग्रहासाठी डीव्हीबी-एस२ चे वेगळे कार्ड लागते, कारण छत्रीवरील एलएनबीला वीजही त्या कार्डानेच पुरवायची असते.

आता हिशेब मांडू. २०१६ मध्ये टी२ वर मिळणारी चॅनेले हातावर मोजण्याइतकी, आणि तीही दूरदर्शनचीच होती. तेव्हा आधी कोणाची तरी टी२ स्टिक मागून आणा, आपल्याच गच्चीवरील अँटेनाला जोडा, बँडविड्थ ८ मेगाहर्ट्झ ठेवून स्कॅन करा आणि चॅनेल लागले तरच खरेदी करा. मागून मिळत नसेल तर ‘सिग्नल न लागल्यास परत’ ही अट दुकानदाराकडून लिहून घ्या. तो तयार नसेल तर दुसरे दुकान पाहा.

आपले गाव त्या शहरांपासून दूर असेल तर कार्डाचा विचार सोडून द्यावा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली दूरदर्शनची सेवा आज डीडी फ्री डिश या नावाने चालते. तिला महिन्याचे भाडे नाही; खर्च छत्री आणि बॉक्सचा, तोही एकदाच. एचडीएमआयचा बॉक्स घेतला तर तो तशाच खाचेच्या मॉनिटरला थेट जोडता येतो. आवाजासाठी मॉनिटरमध्ये स्पीकर नसेल तर वेगळा लावावा. संगणक बिलांसाठी मोकळा राहतो.

कापड हातात घेऊन, बोटांनी चाचपून मगच भाव करणारे आपण लोक. कार्डाला बोटे लावून काही कळत नाही, म्हणून प्रश्न तीनच विचारा: टी२ आहे का, माझ्या संगणकाला बसते का, आणि माझ्या गच्चीवर सिग्नल येतो का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तरच खिशात हात घाला.