कढीचा गंज रिकामा होईस्तोवर

वऱ्हाडातल्या अचलपुरात रविवारी सकाळी दहाला कुणाकडे गेलात आणि घरचा माणूस भेटला नाही, तर तो नाश्त्याला गेला आहे असं खुशाल समजावं. तो येईल साडेअकराला. एका हातात कागदात बांधलेले चार आलुबोंडे, दुसऱ्या हातात पन्नीत गाठ मारलेली गरम कढी. मग घरच्यांचा नाश्ता होईल आणि जेवणाचं पान दोन-अडीचच्या आधी वाढलं जाणार नाही.

शहरांत याला ब्रंच म्हणतात. हा शब्द 1895 साली इंग्लंडमध्ये गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने एका लेखात वापरला. शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला रविवारी पहाटे उठवू नका, त्याला उशिरा आणि एकदाच पोटभर खाऊ द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. वऱ्हाडातली सकाळ मात्र जागरणातून आलेली नाही, ती कामातून आली आहे. झुंजुमुंजू होताच शेतात गेलेला माणूस दोन-तीन तास राबून बांधावर टेकतो, भाकर, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा खातो. ती न्याहारी. हा शब्द आपण अस्सल गावरान समजतो, पण तो फारसीतून आला असं मानतात. नहार म्हणजे दिवस. मुसलमान मोहल्ल्यांत सकाळी खाल्ली जाणारी नहारी ही त्याच शब्दाची सख्खी बहीण. नाश्ता हाही फारसीच, आणि मुळात त्याचा अर्थ होता सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. अचलपूर ही 1490 पासून 1574 पर्यंत इमादशाहीची राजधानी होती. ज्या गावाने फारसीत दरबार पाहिला, तिथल्या बांधावरच्या आणि मोहल्ल्यातल्या सकाळच्या खाण्याला एकाच घराण्यातले शब्द असावेत, हे मला फार देखणं वाटतं.

अचलपूर आणि परतवाडा ही सांगायला दोन गावं, नगरपालिका एकच. मी जातो ते हाटेल टिनाच्या छपराखालचं, वस्तीतलं. चार बाकडी, दारातच कढई. बसल्याबरोबर विचारणा होते.

"काय देऊ भौ?"

"दोन आलुबोंडे. कढी जास्तीची."

इकडे बटाट्याला आलू म्हणतात आणि कोथिंबिरीला सांबार, हे बाहेरच्यांनी आधीच लक्षात ठेवावं. सांबार टाकू का म्हणून विचारलं तर इडलीसोबतचं सांबार येणार नाही. झाऱ्यातून निथळलेला बोंडा स्टीलच्या खोलगट प्लेटीत पडतो. हाटेलवाला पळीच्या बुडाने त्याला एकदाच दाबतो. बोंडा चिरतो, फुटत नाही. आतून पिवळ्या आलूची वाफ येते. त्या चिरेवर कढीची पळी, मग दुसरी, बोंडा अर्धा बुडेपर्यंत. वर मूठभर बारीक कांदा, सांबार, आणि मागितली तर चमचाभर तर्री. बाजूला तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. हे तिथल्या तिथे खायला हवं. बोंड्याचं वरचं कव्हर कढी पिऊन मऊ होतं आणि बूड अजून कुरकुरीत असतं, ती दोन मिनिटं घरी नेलेल्या पुड्यात सापडत नाहीत. म्हणून माझं सांगणं: पार्सल घरच्यांसाठी न्या, पण स्वतः आधी बाकड्यावर बसून खा.

ही कढी पातळ असते, ताटातल्या कढीहून पुष्कळ पातळ. ताक, थोडं बेसन, हळद, जिरं, हिरवी मिरची, आणि फोडणीत गोडलिंब. ताक नुसतं उकळलं तर फाटतं, कारण त्यातली प्रथिनं तापून एकमेकांना चिकटतात आणि गोळे होतात. बेसनातला स्टार्च मध्ये येऊन त्यांना वेगळं धरून ठेवतो. तरी पहिली उकळी येईपर्यंत कढी ढवळत राहावी लागते. हाटेलातला पोऱ्या कढीच्या पातेल्यापाशी, म्हणजे गंजापाशी उभा राहून पळी फिरवतो, कुणाशी बोलत नाही, इकडेतिकडे पाहत नाही. अर्धं हाटेल त्याच्या मनगटावर चालतं.

आणि कढीच का? आमच्याकडच्या तिखटाला पाणी पुरत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ताकातलं केसिन नावाचं प्रथिन त्याला पकडून जिभेवरून उतरवतं. शिवाय उन्हाळ्यात इथे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा अंगातलं मीठ आणि पाणी भरून काढायला खारट-आंबट ताकासारखं दुसरं काही नाही. बोंड्यासोबत नारळाची चटणी द्यावी, तर नारळ इथे पिकत नाही. पिकतो तो काळ्या मातीतला हरभरा, पाऊस सरल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर. म्हणून बोंड्याला बेसन, कढीला बेसन, भज्याला बेसन.

वेळेचं गणितही त्या उन्हाचंच आहे. बारानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हा भेटीगाठी काय त्या त्याआधी. पुढे गाव कापसाचं झालं. 1913 साली मूर्तिजापूरहून 76 किलोमीटरची नॅरोगेज आली, तीच शकुंतला. मग विदर्भ मिल आली, ती 1974 च्या कायद्याने सरकारी झाली. नंतर मुंबईची फिनले मिल इथे आणली. गिरणीच्या पाळीतून सुटलेल्या माणसाला घर गाठण्याआधी गरम काही लागतं, आणि त्याच्या भुकेवर अशी कितीतरी हाटेलं उभी राहतात. आज शकुंतला धावत नाही. फिनले मिल 2020 च्या टाळेबंदीत थांबली. भोंगा गेला, पण बाकड्यावरची वेळ गेली नाही, याने मला दर खेपेला भरून येतं. पूर्वी कामगार म्हणून बसणारी माणसं आता नुसती शेजारी म्हणून बसतात. तुरीला भाव काय, संत्र्याला बहर कसा धरला, कुणाची पोरगी कुठे लागली, सगळं इथेच कळतं.

वऱ्हाडात प्रत्येक गावाचा मान वेगळा. अमरावतीला जाल तर गिला वडा खा: उडदाच्या डाळीचा, ओला, वर दही आणि तिखट चटणी. शेगावची कचोरी तर रेल्वेने देशभर पोचवली. पण कढीत बुडालेला बोंडा मला वस्तीतल्या हाटेलातच आवडतो, जिथे दुसरी पळी मागताना संकोच वाटत नाही.

पावणेबाराला गर्दी विरळ होते. तेल उतरवलं जातं. एक म्हातारबाबा उशिरा येतात, रोजच्या बाकड्यावर बसतात.

"बोंडे सरले, बाबा. कढी हाय."

"दे नं मंग."

पोऱ्या गंज तिरपा करतो, तळाशी राहिलेल्या जिऱ्यासकट कढी वाटीत ओततो, आणि गंज नळाखाली नेऊन ठेवतो.