'माझी मैना': अर्धीच ऐकलेली छक्कड

'माझी मैना' ही विरहाची गोड लावणी, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. अण्णा भाऊ साठे यांची ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली आहे. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी बायकोला शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, पुतळ्यांची माळ असं सगळं कबूल करतो आणि बेकारांच्या गर्दीत जाऊन पडतो. इथवर ऐकून लोक टाळ्या देतात. पण पुढे मुंबईतलं लालबाग-परळ येतं, फाउंटन येतं, आणि नवरा-बायकोची ताटातूट खंडित महाराष्ट्राची होऊन बसते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावं घेऊन शाहीर बोलतो. माझ्या मते गाण्याचा जीव या उत्तरार्धातच आहे.

काही जण हे कर्ता नसलेलं लोकगीत समजतात. तसं नाही. वाटेगावात 1920 साली जन्मलेल्या अण्णा भाऊंनी स्वतः मुंबईत गिरणीकामगारांत दिवस काढले होते. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभारलं.

निषेधाचं गाणं कडवटच असावं लागतं, हाही एक समज. कॅलिफोर्नियातल्या 'द असोसिएशन' या सनशाइन पॉप गटाची 1967 मधली तबकडी पाहा. एका बाजूला लोकप्रिय प्रेमगीत 'नेव्हर माय लव्ह', दुसऱ्या बाजूला युद्धविरोधी 'रेक्विएम फॉर द मासेस'. लोकांनी पहिली बाजू डोक्यावर घेतली, दुसरी मागे पडली. अण्णा भाऊंनी तर दोन्ही बाजू एकाच गाण्यात गुंफल्या, तरी आपण पहिलीच ऐकतो.

आणि सीमाप्रश्न म्हणजे फक्त बेळगाव, हा समज मध्य प्रदेशात राहिलेल्या आपल्या मोहगावच्या माणसाला तरी पटू नये. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्यासोबत सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, राज्य तेच. गाण्यातल्या यादीत आपलं नाव नाही, पण ताटातूट आपलीही आहे. म्हणून मोहगावात कुणी 'माझी मैना' म्हणायला उभा राहिला, तर त्याला साजशृंगारावर थांबू देऊ नका. शेवटपर्यंत म्हणायला लावा.