फोटोतला प्रत्येक डाग टीबीचा नसतो

रामवाडी-पेण भागातील आदिवासी वाड्यांवर कुणाच्या छातीच्या फोटोत वरच्या बाजूला डाग दिसला, की पहिला संशय टीबीचा येतो. तो रास्तच आहे. पण रुग्णाची किडनी बऱ्याच काळापासून निकामी असेल, तर तसाच डाग फुफ्फुसात साचलेल्या कॅल्शियमचाही असू शकतो.

निरोगी किडनी जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकते. ती थकली की फॉस्फरस रक्तात साठतो. गळ्यातील पॅराथायरॉईड ग्रंथी जोर करतात आणि हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढतात. मग हंड्याला आतून क्षार धरावेत तसे हे दोन्ही मऊ अवयवांत धरू लागतात. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ व्हिर्खो यांनी १८५५ सालीच याचे वर्णन केले होते. फुफ्फुसाच्या वरच्या भागात कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून तिथे आम्लताही कमी. अशा जागी हे क्षार लवकर बसतात. टीबीलाही नेमकी तीच जागा मानवते! घोटाळा होतो तो इथे.

पुष्कळांना काहीच त्रास जाणवत नाही. काहींना कोरडा खोकला येतो, दम लागतो. सीटी स्कॅनमध्ये बरेचसे उलगडते.

मात्र किडनीच्या रुग्णाला टीबीही इतरांपेक्षा सहज होतो. म्हणून बेडक्याची तपासणी झालीच पाहिजे आणि चालू गोळ्या कुणीही आपल्या मनाने सोडू नयेत. टीबीच्या काही औषधांचे प्रमाण किडनीच्या आजारात बदलावे लागते, तेव्हा डॉक्टरांना तो आजार आधी सांगावा.

कॅल्शियम साचू नये म्हणून फॉस्फरस आटोक्यात ठेवायचा. त्यासाठीच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. सुका जवळा, बोंबील आणि कोलाची पेये किती घ्यावीत हे डॉक्टरांना विचारावे. (सुक्या मासळीवाचून आपल्याकडे भाकरी गोड लागत नाही, हे खरे!) कधी पॅराथायरॉईडची शस्त्रक्रिया किंवा किडनी प्रत्यारोपणही करावे लागते.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे डायलिसिस चुकू न देणे. ते सहसा आठवड्यातून तीनदा, सुमारे चार-चार तास चालते. गरिबांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. पण पेणहून अलिबागचे एसटीभाडे आणि बुडालेली मजुरी त्यात येत नाही. शिवाय दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. निघण्यापूर्वीच तिथल्या जवळच्या डायलिसिस केंद्राची चौकशी करून ठेवावी. रुग्णासोबत जाणाऱ्याने जुने फोटो, बेडक्याचा रिपोर्ट आणि डायलिसिसची फाईल एकाच पिशवीत न्यावी.